इस्रायल मोहल्ला ते नवगावचा किनारा : चार दिवसांची उलटी वाट

मुंबईतला जुना ज्यू भाग बघायला निघालेले बहुतेक जण काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, बघतात, फोटो काढतात आणि परततात. ती इमारत सुंदर आहेच. पण ज्यांची मातृभाषा मराठी, ज्यांच्या आडनावाला ‘कर’ लागतं आणि ज्यांच्या घरात दारफाळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास) व्हायचा, त्या बेने इस्रायलांचा मोहल्ला तिथून दोनेक किलोमीटर उत्तरेला, मशीद बंदर आणि डोंगरीच्या मधे आहे. तो मोहल्ला समजून घ्यायचा तर नुसत्या गल्ल्या फिरून भागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसं रायगडच्या खेड्यांतून मुंबईत येत गेली. त्यांची वाट उलटी चालत किनाऱ्यापर्यंत गेलं की मोहल्ल्याचा अर्थ उलगडतो. दोन दिवस मुंबईत आणि दोन दिवस अलिबागेकडे, अशी ही फेरी आखली आहे.

निघायचा वार रविवार. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्यास्ताला बसतो आणि शनिवारी रात्री उठतो. त्या काळात सिनेगॉग फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं, पाहुण्यांसाठी नाही. शुक्रवारी दुपारनंतरही कोणी दार उघडून दाखवेल अशी आशा धरू नये. रविवारी घाऊक बाजार बंद असल्याने मशीद बंदरच्या गल्ल्यांतून चालता येतं. एरवी अकरा वाजले की हातगाड्यांच्या रांगेत माणूस अडकतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याचे सण एकामागोमाग येतात, तेव्हा आत जायला मिळेल की नाही याची खात्री नसते.

बरोबर मूळ ओळखपत्र हवं. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्यातल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून शहरातल्या सगळ्याच ज्यू वास्तूंवर पहारा असतो. मोबाइलमधला आधारचा फोटो दारावर चालेलच असं नाही. पुरुषांसाठी टोपी किंवा मोठा रुमाल, सगळ्यांसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे आणि मोठ्या पिशव्यांना सुट्टी. प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून परवानगी घ्यावी. गटात दहा-बारापेक्षा जास्त माणसं नसावीत, कारण जुन्या सिनेगॉगांत त्याहून जास्त माणसं धड उभीही राहू शकत नाहीत.

पहिला दिवस, रविवार : सॅम्युअल स्ट्रीट आणि इस्रायल मोहल्ला

सकाळी साडेनऊला मशीद स्टेशनच्या पश्चिमेला भेटायचं. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनाघराला मराठीत पूर्वापार ‘मशीद’च म्हणत. स्टेशनाचं नाव आपल्या मशिदीवरून पडलं, असं ते सांगत आले आहेत. वाट विचारतानाही हे उपयोगी पडतं. ‘सिनेगॉग कुठे’ म्हटलं तर दुकानदार मान हलवतो, ‘ज्यू मशीद’ म्हटलं की बोट दाखवतो.

सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. सॅम्युअल इझिकेल दिवेकर, बोलीभाषेत सामाजी हसाजी, यांनी ते १७९६ साली बांधलं. दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात कथा अशी चालत आली आहे की हे लोक बेने इस्रायल आहेत हे ऐकल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर नवस फेडावा तसं त्यांनी हे प्रार्थनाघर उभं केलं. पुढे तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, पोथी आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच १७९७ साली वारले. रस्त्याला नाव त्यांचंच आहे. आजची इमारत मात्र पहिली नव्हे. १८६० साली सिनेगॉग याच रस्त्यावर आताच्या जागी आलं आणि शार हारहमीम हे नाव १८९६ साली पडलं.

आत गेल्यावर आधी मध्यभागी उभं राहून दिशा समजून घ्यावी. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते. युरोपातल्या सिनेगॉगांत ती दिशा पूर्व असते, आपल्याकडे पश्चिम. त्या पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोराच्या पोथ्यांचं कपाट असतं. त्यावर पडदा असतो आणि समोर अखंड दिवा. हेखालला हात लावायचा नाही आणि त्याच्याकडे पाठ करून फोटोही काढायचे नाहीत. मधोमध कठड्याचा उंच ओटा म्हणजे तेबा. हज्जान तिथून प्रार्थना चालवतो. तोराची पोथी इथे बहुधा उभ्या, गोल पेटीत असते आणि पेटी उभी ठेवूनच वाचली जाते. युरोपात ती कापडी आवरणातून काढून आडवी पसरतात, त्यामुळे फरक लगेच कळतो. वर बायकांचा सज्जा. एक उंच खुर्ची रिकामी दिसते, तिच्यावर बसू नये. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाहूची. मुलाच्या सुंतेच्या वेळी तिचं काम असतं.

कारभाऱ्यांची नावं ऐकली की कोकणातल्या गावकीतच आल्यासारखं वाटतं. जमातीचा प्रमुख मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला, खजिना सांभाळणारा गब्बाय, प्रार्थना चालवणारा हज्जान आणि झाडलोट-दिवाबत्ती बघणारा शमाश. पाचांतले पहिले दोन शब्द आपल्या गावगाड्यातले, उरलेले तीन हिब्रूतले. बेने इस्रायलांचं सगळं जगणं असं दोन भाषांत विणलेलं आहे. पेसाह या वल्हांडणाच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी अर्थासह मुंबईत १८४६ सालीच छापली गेली. पुण्याला १८७४ साली निघालेल्या हग्गादाच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, भाजताना दिसतात.

इथून तांतणपुऱ्याकडे जायचं. वाट जेमतेम पंधरा मिनिटांची, पण गल्ल्या अरुंद असल्याने नकाशावरचा निळा ठिपका उड्या मारतो. त्याच्या भरवशावर राहू नये. १८४० साली उभी राहिलेली ‘नवी मशीद’, शारे रासोन, इकडे आहे. दिवेकरांची ती ‘जुनी मशीद’. या दोहोंच्या मधल्या गल्ल्या म्हणजे इस्रायल मोहल्ला. सुतार, गवंडी, शिपाई, पुढे कारकून, शिक्षक, कंपाउंडर अशी माणसं इथे राहत. आज मोहल्ल्यात बेने इस्रायल घर सापडणं कठीण. बरेच जण आधी भायखळा, आग्रीपाडा, ठाण्याकडे सरकले आणि १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले.

मग मोहल्ल्यात बघायचं काय? दाराच्या चौकटी. आत शिरताना उजव्या हाताच्या उभ्या लाकडावर, वरचा एक तृतीयांश भाग जिथे सुरू होतो तिथे, म्हणजे साधारण खांद्याच्या उंचीवर, ज्यू घरात मेझुझा ठोकलेला असतो. बोटभर लांबीची डबी, अनेकदा किंचित तिरकी. आत चर्मपत्राची गुंडाळी, तिच्यावर २२ ओळींत ७१३ अक्षरं, सुरुवात ‘शमा इस्रायल’ (‘ऐक, हे इस्रायल’) या प्रार्थनेने. कुटुंब जाताना बहुधा डबी काढून नेतं. मागे एकाखाली एक अशी खिळ्यांची दोन भोकं राहतात, आणि मधे बोटभर पट्टीवर रंगाचा थर बाकीच्या चौकटीपेक्षा पातळ असतो. तीन-चार वेळा ऑइलपेंट मारला तरी ती खाच तिरक्या उजेडात दिसते. जुन्या सागवानी चौकटीच टिकल्यात, पुनर्बांधणी झालेल्या इमारतींत काही उरलेलं नाही. लोकांच्या घराचं दार आहे हे लक्षात ठेवून आधी विचारावं, लांबून बघावं, हाताने चाचपू नये.

शाळा बघायची असेल तर माझगावला जावं लागतं. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली काढलेली इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तिथे इतर समाजांची, मुख्यतः मुसलमान मुलं शिकतात. बाहेरून बघून सँडहर्स्ट रोड स्टेशन गाठावं.

दुसरा दिवस, सोमवार : बगदादींची मुंबई

हा दिवस हलका आहे आणि तो तसाच ठेवावा. डेव्हिड ससून १८३० च्या दशकात बगदादकडून मुंबईला आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांच्या घराण्याने अफाट पैसा केला आणि त्यातला बराच या शहरात ओतला. बगदादी ज्यू घरात अरबी बोलत, बेने इस्रायल मराठी. धर्म एक असूनही बगदादी बराच काळ बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे धरत नसत, प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत त्यांना मोजत नसत. हा सल बेने इस्रायलांच्या मनात पिढ्यान् पिढ्या राहिला आणि दोन समाजांच्या वास्तू बघताना तो माहीत असायलाच हवा. आज बगदादी मूठभर उरले आहेत आणि त्यांनी बांधलेल्या सिनेगॉगांत दहा माणसं भरतात ती मुख्यतः बेने इस्रायलांच्या जिवावर.

सकाळी भायखळा पश्चिमेला जे. जे. रोडवरचं मागेन डेव्हिड सिनेगॉग बघावं. खांबांची भव्य ओसरी, वर घड्याळाचा मनोरा. जेकब ससून यांनी १९१० साली ते वाढवलं. मग पूल ओलांडून राणीच्या बागेत. डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळ मनोरा तिथे आहे आणि खरा ‘काळा घोडा’ही तिथेच आहे. सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससूनने शहराला दिला होता. १९६५ साली तो चौकातून हलवला, चौकाला नाव मात्र चिकटून राहिलं. राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणून हा दिवस बुधवारवर ढकलू नये.

दुपारनंतर फोर्टात केनेसेथ एलियाहू, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, १८८४. रंगीत काचांची खिडकी पश्चिमेला असल्याने साडेतीन-चारनंतर आतल्या फरशीवर रंग उतरतात. फोटोसाठी शुल्क असतं, ट्रायपॉडला परवानगी नाही असं धरून चालावं. दहा पावलांवर डेव्हिड ससून वाचनालय, १८७० चं. वेळ उरला तर ससून गोदी, १८७५, पण तिचा खरा बाजार पहाटेचा.

तिसरा दिवस, मंगळवार : मांडवा, नवगाव, खंडाळे, अलिबाग

गेटवेहून मांडव्याची पहिली लाँच पकडावी. पाण्यावर तासभर, पुढे लाँचवाल्यांचीच बस अलिबागला नेते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात. या दिवशी मात्र लाँचच्या बसने थेट अलिबागला न जाता मांडवा जेट्टीवरच दिवसभराची रिक्षा ठरवावी, कारण बघायची ठिकाणं वाटेतच आहेत आणि एसटी तिथे सोयीच्या वेळी मिळत नाही. रिक्षावाल्याला नवगाव आणि खंडाळे ही दोन्ही नावं आधीच सांगून भाडं ठरवावं. ‘अलिबाग साइटसीइंग’ म्हटलं तर तो किनारा आणि किल्ला धरतो आणि मग मधेच घासाघीस होते.

रस्त्याला लागलं की पाट्या वाचत जावं. आवास आलं, म्हणजे आवासकर. झिराड, झिराडकर. किहीम, केहिमकर, परवाची शाळा काढणारे याच गावचे. पुढे नवगाव, नवगावकर. रायगडच्या शंभराहून जास्त गावांची नावं बेने इस्रायल आडनावांत आहेत. मोहल्ल्यातल्या आणि कबरस्तानांतल्या आडनावांची यादी हातात असली तर हा रस्ता निव्वळ नावांवरून वाचता येतो, आणि या फेरीतला सर्वांत मोलाचा तास हाच आहे.

नवगावला समुद्राजवळ जुनं कबरस्तान आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत इथेच फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, वाहून आलेली प्रेतं दोन उंचवट्यांखाली पुरली, एकीकडे पुरुष आणि एकीकडे बायका. हे कधी घडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, लक्षात राहिलं ते ‘शमा इस्रायल’ एवढंच वाक्य, आणि शतकानुशतकं जन्म-लग्न-मरण सगळ्याला तेच म्हटलं गेलं. आज तिथे स्मारक आहे. सावली कमी, म्हणून अकराच्या आत पोचावं. कबरस्तानात फुलं वाहायची पद्धत नाही, लहानसा खडा कबरेवर ठेवतात. बाहेर पडताना हात धुतात, तेव्हा पाण्याची बाटली जवळ असू द्यावी.

ज्यू कबरस्तानात कबरेवरचं हिब्रू वर्ष वाचायला शिकून घ्यावं, सोपं आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते आणि वर्षातले पाच हजार बहुधा लिहीत नाहीत. समजा दगडावर ताव, रेश, नून, वाव अशी अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, नून ५०, वाव ६, मिळून ६५६. त्यात ५००० मिळवले की ५६५६. त्यातून ३७६० वजा केले की १८९६. चूक होते ती एका जागी: ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, त्यामुळे वर्षाच्या पहिल्या तीनेक महिन्यांतला मृत्यू असेल तर ३७६१ वजा करावे लागतात. रेश आणि दालेत ही अक्षरं झिजलेल्या दगडावर सारखी दिसतात. एक २०० चं, दुसरं ४ चं, म्हणून कोपरा गोल आहे की टोकदार ते नीट बघावं. गोल तो रेश.

नवगावहून अलिबागला जाऊन जेवण उरकायचं आणि दुपारी पेण रस्त्यावरचं खंडाळे गाठायचं. इथे ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे. खडकावर रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे, प्रेषित एलियाहू इथे येऊन गेला, अशी श्रद्धा. गावात विचारताना ‘टापा’ हाच शब्द वापरावा. खूण बघायला तिन्हीसांजेच्या आधीचा कलता उजेड बरा, भर दुपारी खडक सपाट दिसतो. बेने इस्रायल इथे नवस बोलतात, नवस फेडायला येतात, माघाच्या सुमाराला तू बिशवात या झाडांच्या नववर्षाच्या सणाला गर्दी असते. इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबंही भारतात आली की इथे येतात.

नवसाला लागतो तो मलिदा. दहा-बारा माणसांसाठी अर्धा किलो जाडे पोहे, एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो साखर, वेलची-जायफळ, बदाम-पिस्ते. पोहे पाण्यातून काढून चाळणीत पंधरा मिनिटं निथळत ठेवायचे, मग चव-साखर हलक्या हाताने कालवायची. पातळ पोहे घेतले किंवा साखर आधी घातली तर पाणी सुटून लगदा होतो. भोवती पाच प्रकारची फळं मांडतात. एलियाहूचं गाणं आणि प्रार्थना झाली की प्रत्येक फळाची वेगळी बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणून वाटप. झाडाच्या फळाची बराखा निराळी आणि जमिनीत येणाऱ्याची निराळी. केळं जमिनीच्या फळांत धरतात, कारण केळीचा बुंधा दरवर्षी नवा येतो.

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोत सिनेगॉग १८४८ सालचं, आताची वास्तू १९१० ची. आळीचं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. इथे मोजकी घरं उरली आहेत, त्यामुळे दहा पुरुष जमणं हाच दर शब्बाथचा प्रश्न असतो. सणाला मुंबई-ठाण्याहून नातेवाईक आले की तो सुटतो.

मुक्काम अलिबागला. रात्रीच्या जेवणात वालाचं बिरडं मागावं, कारण तिशा बआवचा, म्हणजे मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास सोडायला बेने इस्रायल घरांत बिरडंच होई आणि त्या दिवसाला मराठीत नावच बिरड्याचा सण. योम किप्पूर तो दारफाळणीचा सण, तिश्रीतच खिरीचा सण. नववर्षाला गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून चिकाचा हलवा. मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्शात आणि गोडात नारळाचं दूध. कोलंबी, कुर्ल्या वर्ज्य, मासा खवले आणि पर असलेलाच. परंपरेत सांगतात की डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी ज्यू माणसाने इथल्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, तेव्हा त्याने हे आपले लोक म्हणून ओळखले. त्याने धर्म शिकवायला ज्या घराण्यांतली माणसं तयार केली त्यांत झिराडकर एक. सकाळची पाटी आठवते ना, तेच झिराड.

चौथा दिवस, बुधवार : चौल, रेवदंडा आणि पनवेलमार्गे परत

अलिबागहून रेवदंडा सतराएक किलोमीटर, एसटी आणि सहा आसनी दोन्ही मिळतात. वाटेत नागाव, चौल, म्हणजे नागावकर आणि चेऊलकर. या पट्ट्यात बेने इस्रायलांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. लाकडी घाण्यात उखळ, त्यात फिरणारी लाट, लाटेला जोडलेला बैल, बैलाच्या डोळ्यांवर झापड. तीळ किंवा खोबरं थोडं थोडं घालत राहावं लागतं. एकदम भरलं तर लाट अडते आणि पेंड करपते. बाकी तेल्यांचा घाणा सोमवारी बंद असे, महादेवाचा वार म्हणून. गावाने सुट्टीच्या वारावरून दोन तेली ओळखले आणि दोघांकडूनही तेल घेतलं.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग १८४२ सालचं. कुलूप असतं, किल्लीसाठी अलिबागेतच चौकशी करून निघावं, नाहीतर बंद दार बघून परतावं लागतं. दुपारी पोयनाडमार्गे पेण. वेळ असेल तर तिथलं १८६३ सालचं बेथ हाएलोहीम बाहेरून बघावं, नसेल तर सरळ पनवेल. पनवेलला पुन्हा एक बेथ एल आहे, १८४९ चं, आणि गावात इस्राईल तलावही आहे. रिक्षावाले नावानेच ओळखतात.

पनवेल स्टेशनवरून सीएसएमटीची लोकल घ्यावी. साधारण सव्वा तासात मशीद येतं, सीएसएमटीच्या अलीकडचं स्टेशन.